निघायचं कधी, थांबायचं कधी

पुण्यात राहणाऱ्यांसाठी लिहिलेले आरोग्याचे सल्ले पासलीला फारसे उपयोगी पडत नाहीत. पुण्यात गल्लीच्या तोंडाशी दवाखाना, चार पावलांवर औषधाचं दुकान आणि रात्री दोन वाजताही रिक्षा. 'उद्या बघू' म्हटलं तरी निभावतं. तोरण्याच्या पलीकडे, केळदच्या वाटेवर, आषाढातल्या पावसात तेच 'उद्या बघू' महागात पडतं. ओढ्याला पाणी येतं, दरड येते, मोबाइलची रेंज जाते आणि गाडीवाला म्हणतो, आता उजाडल्यावर बघू. म्हणून आपल्याकडे घरात कुणी आजारी पडलं की काय झालंय हे शोधायचं काम डॉक्टरवर सोडा. घरच्यांनी ठरवायचं ते एवढंच, की थांबायचं की निघायचं. आणि निघायचं असेल तर अंधार पडायच्या आत.

आपण नेमकं उलटं करतो. साध्या सर्दीला सलाईन लावायला जीप करून नसरापूर गाठतो आणि छातीत कळ आली की ओवा चावत ओट्यावर बसून राहतो.

आधी थांबण्याजोगं काय ते सांगतो. नाक वाहणं, घसा खवखवणं, अंग मोडून येणं, दोन-तीन दिवसांची कणकण हे बहुतेक वेळा विषाणूंचं काम. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, मग ते कितीही रुपयांचं असो. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. खोकला मात्र दोन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो आणि तेवढ्यानं घाबरायचं कारण नाही. विश्रांती, गरम पेज, भरपूर पाणी आणि तापाला पॅरासिटामॉल, एवढं पुरतं. मोठ्या माणसानं ५००ची गोळी सहा-सहा तासांनी घ्यावी, दिवसात चारपेक्षा जास्त नको. दारू पिणाऱ्यानं किंवा काविळीच्या माणसानं विचारल्याशिवाय घेऊ नये. मुलांचा डोस वजनावर ठरतो, म्हणून थोरल्याचं औषध धाकट्याला अंदाजानं पाजू नका. पावसाळ्यातल्या तापाला ब्रुफेन, ॲस्पिरिन किंवा दुकानातून आणलेली 'दुखण्याची गोळी' घेऊ नका. ताप डेंग्यूचा निघाला तर या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

खोकल्याच्या बाटलीबद्दल थोडं कडक बोलायला हवं. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लहान मुलं एका खोकल्याच्या औषधानं दगावली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी द्रव्य मिसळलं गेलं होतं, त्यानं मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यातल्या कित्येकांना उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. विष मिसळलेली बाटली विरळा, हे मान्य. पण चांगल्या बाटलीनंसुद्धा चार-पाच वर्षांखालच्या मुलाचा खोकला लवकर जात नाही. वर्षाच्या पुढच्या मुलाला रात्री चमचाभर मध द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, बारशाच्या दिवशी आजीनं बोटाला लावून चाटवायचा हट्ट धरला तरी नको.

आता सलाईन. 'ताकदीची बाटली लावा डॉक्टर' हे वाक्य या खोऱ्यात ऐकलं नाही असा दवाखाना सापडणार नाही. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे पाच चहाचे चमचे. खारट बाटलीत असतं साडेचार ग्रॅम मीठ. बाकी सगळं पाणी. ज्याला तोंडानं पिता येतं त्यानं घरी लिंबू-सरबत प्यावं आणि दिवसभराची मजुरी वाचवावी. जो सारखा ओकतोय, ज्याला शुद्ध नाही, ज्याचं अंग पाण्यावाचून सुकलंय, त्याला मात्र सलाईननं जीव मिळतो. पण म्हाताऱ्या हृदयरोग्याला हौसेनं लावलेल्या दोन बाटल्या त्याच्या फुप्फुसात पाणी भरू शकतात. डॉक्टर 'गरज नाही' म्हणाला तर तो तुमच्यावर नाराज नाही. खरं बोलतोय.

ताप मात्र तीन दिवसांनी उतरला नाही, धाप लागली, माणूस असंबद्ध बोलू लागला, लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, हिरड्यांतून किंवा शौचातून रक्त आलं, अंगावर लाल पुरळ उठलं किंवा पोट जोरात दुखून उलट्या थांबेनात, तर निघायचं. डेंग्यूत धोका बऱ्याचदा ताप उतरल्यावर सुरू होतो. 'ताप गेला, बरं आहे' म्हणून शेतात जाऊ नका, पुढचे दोन दिवस माणसावर लक्ष ठेवा.

लावणीच्या दिवसांत एक गोष्ट डॉक्टरला आपणहून सांगा, त्यानं विचारायची वाट पाहू नका. 'मी आठवडाभर खाचरात होतो, पायाला चिखल्या आहेत.' उंदराच्या आणि गुराच्या मुतातले जंतू चिखलात उतरतात आणि चिखल्या झालेल्या, भेगाळलेल्या पायातून अंगात शिरतात. त्याला लेप्टोस्पायरोसिस म्हणतात. जोराचा ताप, पोटऱ्या दाबल्या तर ओरडावं इतक्या दुखणं, डोळे लाल होणं ही खूण. वेळेवर डॉक्सिसायक्लिनसारखी स्वस्त गोळी मिळाली तर बहुतेक माणसं बरी होतात. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृत दोन्ही जाऊ शकतात. गवत कापणाऱ्यांनी आणखी एक बघावं: काखेत, जांघेत, पोटाच्या वळीत विडीनं भाजल्यासारखी काळी खपली. तिथं दुखत नाही, म्हणून कुणी बघत नाही. तो स्क्रब टायफस असू शकतो, गवतातल्या बारीक किड्यांपासून होणारा ताप. बायामाणसं ही खपली दाखवायला लाजतात. आशाताईंना दाखवा, पण लपवू नका.

आणि चिखल्या होऊच नयेत म्हणून रोज संध्याकाळी पाय साबणानं धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, सकाळी खाचरात उतरण्याआधी खोबरेल चोळा. गमबूट परवडत असेल तर घ्या. ज्यांना साखर आहे त्यांनी तर अनवाणी चिखलात उतरूच नये. पायाची जाणीव गेलेली असते, काटा रुतला तरी समजत नाही, आणि दिवाळीपर्यंत त्याच पायाचं बोट कापायची वेळ येते.

जुलाबांवर आपल्याकडे घरातच औषध आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या लोंढ्यात, बोनगावच्या छावणीत पटकी पसरली तेव्हा सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपात कालवलं आणि नातेवाइकांच्या हाती कप देऊन पाजायला लावलं. शंभरातले तीसेक दगावत होते, ते चारच्याही खाली आले. तेच पाणी आता जलसंजीवनीच्या पुडीत येतं. एक पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात संपूर्ण टाका. अर्धी पुडी एका ग्लासात, असलं काही करू नका, जास्त खारट झालं तर बाळाचं नुकसान होतं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आणि आपल्या इंद्रायणी तांदळाची पातळ पेज चिमूटभर मीठ घालून पाजली तर तीही उत्तम. दुकानातली रंगीत, गोड पेयं जलसंजीवनी समजून घेऊ नका. त्यातली जास्तीची साखर जुलाब वाढवते. मुलाला जुलाब लागले की आईचं दूध आणि जेवण चालू ठेवायचं, आणि आरोग्य केंद्रातून झिंकच्या गोळ्या आणून १४ दिवस द्यायच्या, जुलाब थांबले तरी. मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, सहा तास लघवी नाही, शौचात रक्त, पाणी पाजलं की लगेच उलटी, यातलं काहीही दिसलं की कडेवर घ्या आणि निघा. वाटेत जलसंजीवनी पाजत राहा.

डोंगराचं पाणी स्वच्छ असतं, हा आपला जुना अभिमान. वरून वाहत येताना ते कितीतरी गुरांच्या आणि माणसांच्या पायाखालून येतं, हे पावसाळ्यात विसरायचं नाही. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यावर, किरकटवाडी-नांदेड भागात, गिलाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. हातपाय लुळे पडले, काहींना व्हेंटिलेटर लागला. बोट दूषित पाण्याकडे आणि कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जंतूकडे गेलं, आधी जुलाब आणि मग अशक्तपणा असा त्याचा क्रम. विहिरीत टीसीएल पावडर पडते की नाही हे ग्रामपंचायतीला विचारण्यात संकोच नको. पडत नसेल तर पाणी चांगलं खळखळून उकळा. माठात वाटी बुडवू नका, ओगराळं ठेवा.

लहान बाळाच्या खोकल्यात मोजायला शिका. शर्ट वर करा, मोबाइलमधलं घड्याळ लावा आणि पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर तो न्यूमोनिया समजायचा आणि थांबायचं नाही. छातीवर बिब्बा लावणं, डाग देणं नको. तापात आकडी आली तर बाळाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, नाकाशी चप्पल किंवा कांदा धरून वेळ घालवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर तशीच गाडी.

पित्ताबद्दल थोडक्यात. पहाटे उपाशीपोटी दोन कप चहा, मग मशेरी, मग दुपारी दोनला भाकरी. एवढं झाल्यावर छातीत जळणार नाही तर काय? मशेरी सोडा म्हटलं की आमच्या माय-मावश्या हसतात. हसा, पण तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा पांढरा चट्टा दिसला तर दाखवायला या.

पण छातीतली प्रत्येक कळ पित्ताची नसते. छातीच्या मध्ये दाबल्यासारखं, आवळल्यासारखं, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारं दुखणं, दरदरून घाम, मळमळ, चढ चढताना धाप, हे वयाच्या चाळिशीनंतर, आणि विडी ओढणाऱ्यांत त्याआधीही, हृदयाचं समजायचं. बायकांना आणि साखरेच्या रुग्णांना तर कधीकधी दुखतही नाही, नुसता घाम आणि अशक्तपणा येतो. ढेकर आला म्हणून बरं वाटलं, हे काही प्रमाण नव्हे. सोडा पाजून तासभर वाट बघणं हा आपल्या खोऱ्यातला सगळ्यात महागडा उपाय. रुग्णाला चालवू नका, १०८ला फोन करा, ईसीजी काढता येईल अशा ठिकाणी न्या आणि कोणती गोळी चावायला द्यायची ते डॉक्टरांना फोनवरच विचारा.

विंचू आणि साप यांच्यावर जरा जास्त बोलतो, कारण यात शेजारच्यांनी मोठं काम करून ठेवलंय. मढे घाट उतरून खाली गेलात की महाड तालुका. तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर होते. लाल विंचू चावलेली धडधाकट पोरं त्यांच्यासमोर धापा टाकत जात होती. त्यांनी रात्र-रात्र रुग्णांजवळ बसून टिपणं ठेवली: कुणाला घाम आला, कुणाचे हातपाय गार पडले, कुणाचं हृदय कसं चाललं. १९८२ मध्ये ती निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे रक्तदाबाची प्रॅझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यावर चालते हे त्यांनी दाखवलं, आणि विंचवानं मरणं ही कोकणातली नित्याची गोष्ट राहिली नाही. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या टिपणांतून आपल्याला हवं ते असं. विंचू चावला आणि नुसती आग, भयंकर आग होतेय, पण माणूस कोरडा आणि गरम आहे, तर सहसा जिवाला धोका नाही. आग जितकी जास्त तितकं विष जास्त, ही समजूत चुकीची. पण कमी दुखतंय आणि दरदरून घाम सुटलाय, ओकाऱ्या होताहेत, हातपाय बर्फासारखे गार पडलेत, धाप लागलीय, तर तिथल्या तिथं निघायचं. लहान मूल असेल तर खुणांची वाटही पाहायची नाही. मंत्र घालणाऱ्याकडे जाऊन उतरलेला विंचू बहुतेक वेळा आपोआपच उतरणार होता. उतरला नाही तो विंचू आम्ही बघितलाय, आणि तोही उशिरा.

सापांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ही चार नावं लक्षात ठेवा. यांपैकी मण्यार दगाबाज. ती रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचं कळतही नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे माणूस उठतो तो पोटात कळा, घसा दुखतोय, पापण्या उघडत नाहीत, बोलणं जड, असं म्हणत. घरचे त्याला हिंग-पाणी पाजतात. पावसाळ्यात पहाटे असं काही झालं तर आधी मण्यार आठवा. झोपायला खाट आणि गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी, हे तिच्यावरचं सर्वोत्तम औषध. रात्री परसाकडे जाताना हातात बॅटरी हवी.

चावल्यावर कापणं, चोखणं, दोरी करकचून बांधणं, चुना लावणं बंद. दोरीनं पाय काळा पडतो, विष थांबत नाही. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पायातलं कडं लगेच काढा, कारण सूज चढल्यावर ते कापावं लागतं. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी बांधून अवयव हलू देऊ नका. चालत नेऊ नका. गाडी नसेल तर मोटरसायकलवर रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवून न्या. साप मारून पिशवीत आणायची गरज नाही, दुसऱ्यालाही चावायचा. आपल्याच जिल्ह्यात नारायणगावला डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत.

दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं नुसता बघत बसेल. रक्त गोठतं की नाही ते तो पाहतोय. घोणस आणि फुरसं रक्त गोठू देत नाहीत. त्या वेळी 'लस का देत नाही' म्हणून टेबल आपटू नका. लस विषबाधेच्या खुणा दिसल्यावरच देतात, आणि तिचीही रिॲक्शन येऊ शकते. बिनविषारी साप निघाला तरी चोवीस तास तिथेच थांबवतील, ते मुकाट्यानं ऐका. कुत्रं चावलं तर ओरखडा असला तरी साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, मिरची-तेल लावू नका, त्याच दिवशी लस सुरू करा आणि सगळे डोस पुरे करा. रेबीज झाल्यावर उपाय नाही.

बीपी आणि साखरेच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून बंद करू नका, त्या गोळ्यांनीच बरं वाटतंय. मुंबई-पुण्याला असलेल्या मुलांनो, आईला औषधाचे पैसे पाठवण्यापेक्षा महिन्यातून एकदा फोनवर तिला गोळ्यांची पट्टी हातात घेऊन मोजायला लावा. गुडघ्यांसाठी बाजारच्या दिवशी मिळणारी रंगीबेरंगी गोळ्यांची पुडी, नाव नसलेली, लगेच आराम देणारी, तिच्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. दोन महिन्यांनी चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. पाकिटावर नाव छापलेलं नाही ते औषध घेऊ नका. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर थुंकी तपासा, टीबीचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

पासलीतलं प्राथमिक आरोग्य केंद्र, वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय आणि आपल्या आशाताई, या तिघांचे नंबर भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. मोबाइलची बॅटरी संपते, भिंत संपत नाही. रेंज कुठल्या टेकाडावर येते हे घरातल्या पोरांना माहीत असतं, ते म्हाताऱ्यांनाही सांगून ठेवा. निघण्याआधी फोन करून 'अमुक झालंय, येतोय' कळवा, म्हणजे गाडी किंवा औषध तिकडे तयार राहतं. आधार, रेशनकार्ड, जुनी कागदपत्रं आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगा. महात्मा फुले योजनेत मोफत उपचार घ्यायला हीच कागदं लागतात.

ज्यांच्या घरात सून किंवा लेक पोटुशी आहे आणि तारीख जून ते सप्टेंबरात येतेय, त्यांनी आत्ताच नातेवाइकांशी बोलून ठेवा. तारखेच्या पंधरा दिवस आधी तिला वेल्ह्यात, नसरापुरात किंवा पुण्यात, जिथं रस्ता बंद पडत नाही तिथं राहायला पाठवा. मधल्या काळात डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा सुजणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं एकही झालं तर सासूबाईंची परवानगी आणि शेतातून नवऱ्याची येण्याची वाट, दोन्हींसाठी थांबू नका. १०२ला फोन करा, गाडी येईपर्यंत डाव्या कुशीवर झोपवा आणि तिचं बाळंतपणाचं कार्ड तिच्याच हातात द्या.